इमूंची ने-आण : पकडण्यापासून नव्या वाड्यात रुळेपर्यंत

इमू प्रवासात दगावला की दोष गाडीला, रस्त्याला, नाहीतर ड्रायव्हरला दिला जातो. बरेचदा मात्र त्या पक्ष्याचा निकाल गाडी सुरू होण्याआधीच लागलेला असतो, चार माणसं त्याच्यामागे वाडाभर धावली तेव्हाच. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा पकडण्याला आणि चढवण्याला दिली आहे. ताडपत्री, पाणी, कागदपत्रं हेही येईलच, पण पक्षी न पळता गाडीपर्यंत चालत आला तर अवघड काम संपलं असं समजा.

राज्यात इमू आता पूर्वीइतके राहिलेले नाहीत. २००० नंतरच्या दशकात अंडी, पिल्लं, तेल, मांस, कातडं असं सगळं विकलं जाईल या भरवशावर शेतकऱ्यांनी कर्ज काढून जोड्या घेतल्या. पिल्लं परत घेण्याची हमी देणाऱ्या कंपन्या तेजीत होत्या, पण मांस खाणारं गिऱ्हाईक बाजारात नव्हतंच. पिल्लं पुढच्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडत होती. २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईच्या सुसी इमू फार्म्सचं फसवणुकीचं प्रकरण फुटलं आणि बाजार बसला. उरलेले पक्षी आज कृषी पर्यटन केंद्रांत, काही हौशी शेतकऱ्यांकडे, कुठे प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांकडे आहेत. त्यामुळे आता थोडेच पक्षी छोट्या गाडीतून हलवले जातात, आणि हलवणाऱ्यांनी बहुतेकदा आधी इमूला हातही लावलेला नसतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

पळणाऱ्या पक्ष्याचं शरीर

पूर्ण वाढलेला इमू पाच-साडेपाच फूट उंच आणि साधारण ३५ ते ५० किलोचा असतो. कोंबडीच्या छातीच्या हाडाला मधोमध उभी कड असते आणि उडायचे स्नायू तिला चिकटलेले असतात. इमूला ती कडच नाही. पंख जेमतेम वीतभर. सगळी ताकद मांड्यांत आणि पायांत. मोकळ्या माळावर तो ताशी ५० किलोमीटरच्या आसपास वेग घेऊ शकतो. पण माळावर सरळ पळणं वेगळं, आणि चाळीस फुटांच्या वाड्यात वळत, जाळीवर आपटत, पुन्हा उसळून पळणं वेगळं.

जीव तोडून पळताना स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साठतं आणि अंगात उष्णता कोंडते. पक्ष्याला घाम येत नाही. धाप लागून जी उष्णता बाहेर जाईल तेवढीच. ताण हाताबाहेर गेला की स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात. त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाची लय बिघडवतं आणि स्नायूंतलं तांबडं प्रथिन मूत्रपिंडात अडकतं. पशुवैद्यक याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. हरणांमध्ये ती नेहमी दिसते, आणि इमू-शहामृगांमध्येही. फसवी गोष्ट अशी की पक्षी त्याच वेळी कोसळेलच असं नाही. तो गाडीत नीट बसतो, नव्या ठिकाणी उतरून दोन पावलंही टाकतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठेनासा होतो. म्हणूनच दोष गाडीवर जातो.

कॅनडात अल्बर्टामध्ये कत्तलखान्यात नेल्या जाणाऱ्या पाळीव इमूंवर अभ्यास झाला आहे. सहा तासांच्या प्रवासानंतर पक्ष्यांचं अंग तापलेलं होतं, वजन घटलं होतं आणि रक्तात क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायू फुटल्यावर बाहेर पडणारं विकर, वाढलं होतं. तिथली हवा थंड. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये काय होईल याचा अंदाज त्यावरून करा.

आणखी एक गोष्ट पकडणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. इमूच्या श्वासनलिकेला मानेच्या खालच्या भागात एक उभी फट असते आणि तिला जोडून हवेची पिशवी असते. मादी ढोलासारखा घुमणारा आवाज काढते तो याच पिशवीतून. तिथली कातडीही पातळ असते. तेव्हा मान धरून ओढणं, मानेत दोरी टाकणं, काखेत मान दाबून धरणं, यातलं काहीही चालणार नाही.

महिना आणि वेळ

इथे एक पेच आहे. प्रवासाला बरी हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि आपल्याकडे इमू अंडी घालतात तेही साधारण ऑक्टोबर ते मार्चमध्येच. या काळात जोड्या लागलेल्या असतात, पोटात अंडं असलेल्या मादीला धक्का लागला तर अंडं आत फुटू शकतं, आणि उबवायला बसलेला नर आठवडेच्या आठवडे जवळजवळ उपाशी राहून खंगलेला असतो. असा नर प्रवासाला पाठवू नये. त्याला आधी महिना-दोन महिने खाऊ-पिऊ घालून अंगात भरू द्या.

माझं मत असं : जोडी न लागलेले तरुण पक्षी डिसेंबर-जानेवारीतच हलवा, त्यासारखा काळ नाही. अंडी देणाऱ्या जोड्यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या उघडिपीच्या रात्री बघा. तेव्हा हवा दमट असते, विशेषतः कोकणात, त्यामुळे गाडीत पक्षी आणखी कमी घ्यायचे. याच दिवसांत गणपती येतात हेही विसरू नका. विसर्जनाच्या रात्री ढोल-ताशा, फटाके आणि तासन् तास तुंबलेला रस्ता, यातून इमूंची गाडी नेण्यापेक्षा आठवडाभर थांबलेलं बरं. मार्चच्या मध्यापासून जूनचा पाऊस पडेपर्यंत विदर्भ-मराठवाड्यात मोठे पक्षी हलवायचेच नाहीत. कोणी कितीही घाई केली तरी नाही.

वेळ रात्रीचीच. अंधारात पक्षी शांत राहतात, रस्ता मोकळा असतो, डांबर थंड झालेलं असतं. नऊच्या सुमाराला चढवून सूर्य वर यायच्या आत पोचता येईल एवढंच अंतर एका रात्रीत घ्या.

पंधरा दिवस आधी

जिथून पक्षी चढवायचे तो छोटा वाडा आधीच तयार करा. मोठ्या वाड्याच्या एका कोपऱ्यात दहा-बारा फुटांचा चौक, त्याला सहा फूट उंचीची भरीव भिंत. भिंत विटांचीच हवी असं नाही; बांबूच्या तट्ट्या, प्लायवुड, ताणून बांधलेली शेडनेट, पलीकडचं दिसू नये एवढंच. आरपार दिसणारी जाळी इमूला अडथळा वाटत नाही. तो थेट तिच्यावर धावतो, आणि मान किंवा पाय जाळीत अडकला की मग कातडी सोलून निघते.

आता रोजचं खाद्य आणि पाणी याच चौकात द्यायला लागा. पहिले दोन-तीन दिवस पक्षी बाहेरच उभे राहून बघतील, मग आत शिरतील. आठवड्याभराने ते खात असताना फाटक हळूच लावा, थोड्या वेळाने उघडा. इमू चौकस असतो, भांड्याचा आवाज ओळखतो, आणि रोजच्या माणसामागे चालत येतो. या सवयीचा फायदा असा की त्या रात्री पक्षी पकडायला धावावंच लागत नाही. मला विचाराल तर या सगळ्या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

त्याच दिवसांत लंगडणारे, पायाला जखम असलेले, हगवण लागलेले पक्षी वेगळे काढा. ते जाणार नाहीत. एकमेकांच्या ओळखीचे पक्षी एकत्र जातील अशा तुकड्या ठरवा. अनोळखी पक्षी पहिल्यांदा गाडीच्या फळीवर भेटले तर तिथेच लाथाळी होते.

कागदपत्रं

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडून पक्षी प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घ्या. दाखला देण्याआधी त्यांनी पक्षी खरोखर पाहावेत यासाठी आग्रह धरा. सोबत खरेदी-विक्रीची पावती किंवा देणगीचं पत्र, पक्ष्यांची संख्या, कुठून कुठे हे लिहिलेला कागद ठेवा. रस्त्यात पोलिसांनी किंवा वनखात्याच्या माणसांनी गाडी अडवली तर हेच कागद कामाला येतात. २०२२ मध्ये उत्तर बंगालात जलपाईगुडी जिल्ह्यात चक्क रस्त्यावर फिरणारे कांगारू सापडले होते, चोरट्या वाहतुकीतून सोडून दिलेले. अशा प्रकारांमुळे इमूंची गाडी दिसली की चौकशी होऊ शकते, आणि व्हायलाच हवी.

प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत. २००१ मध्ये त्यांत कुक्कुटपक्ष्यांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. कोंबडी, बदक, टर्की अशी नावं त्यात आहेत, इमू नाही. तरी त्यातला मापदंड ध्यानात ठेवण्यासारखा आहे : ऊन, पाऊस आणि वाऱ्याचा थेट झोत लागू द्यायचा नाही, आणि तापमान २५ अंशांच्या वर किंवा १५ अंशांच्या खाली असताना वाहतूक करायची नाही. थंडी इमू यापेक्षा बरीच जास्त सोसतो, पण वरची मर्यादा त्यालाही लागू धरा. प्राणी त्रासदायक रीतीने नेणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहेच, त्याला पक्ष्याचं नाव यादीत असावं लागत नाही.

बर्ड फ्लूची बातमी असेल तर बेत रद्द. इमूला तो होतो. बाधित ठिकाणाभोवतीचा दहा किलोमीटरपर्यंतचा टापू निगराणीखाली येतो आणि पक्ष्यांच्या हालचालीवर निर्बंध लागतात.

गाडी

कोंबड्यांची पिंजऱ्यांची गाडी बाद. उघडा टेम्पो, वर जाळी, हेही बाद. डोकं बाहेर काढलेल्या इमूची मान फांदीला किंवा समोरून येणाऱ्या ट्रकला लागायला क्षणही लागत नाही. बंद बॉडीचा पिकअप किंवा छोटा ट्रक घ्या, आतली उंची किमान सहा फूट. घोड्यांची गाडी मिळाली तर उत्तमच.

बाजू भरीव, आणि हवेसाठी खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर व वर छताजवळ लांबट फटी. मधल्या पट्ट्यात, म्हणजे डोक्याच्या उंचीवर, फट नको. आत हात फिरवून बघा : बाहेर आलेला खिळा, पत्र्याची कड, तुटलेला नट. इमूची कातडी अशा गोष्टींवर सहज फाटते.

खरी काळजी तळाची. पत्र्याच्या तळावर इमू घसरला, दोन पाय दोन दिशांना फाकले, की मांडीचे स्नायू आणि सांधे जातात आणि तो पक्षी पुन्हा उभा राहत नाही. रबराची मॅट पक्की बसवा, तिच्यावर ओलसर वाळूचा पातळ थर, आणि वर भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा. नुसता पेंढा पत्र्यावर टाकला तर तो सरकतो आणि उलट जास्त घसरवतो. इमूची विष्ठा पातळ असते, तासाभरात तळ ओला होतो, म्हणून थर भरपूर घ्या आणि एक पोतं भुसा केबिनमध्ये जादा ठेवा.

आठ बाय पाच फुटांच्या बॉडीत मोठे पक्षी सहापेक्षा जास्त नकोत, आणि तेही मध्ये भरीव फळी टाकून तीन-तीनचे. हिशोब असा ठेवा : सगळे एकाच वेळी खाली बसू शकले पाहिजेत, आणि बसलेल्याला कोणाला न तुडवता उठता आलं पाहिजे. अगदी मोकळी जागाही बरी नाही, कारण वळणावर पक्षी भेलकांडत जातो. दोनच पक्षी असतील तर फळी सरकवून जागा लहान करा.

पकडणं आणि चढवणं

दुपारनंतर खाद्य उचला. पाणी मात्र चढवण्याच्या क्षणापर्यंत समोर राहू दे. पशुवैद्यकाने सांगितलं असेल तर आदल्या दिवसापासून पाण्यात इलेक्ट्रोलाइट द्या. झोपेची किंवा शांत करणारी औषधं मेडिकलमधून आणून देऊ नका. गुंगीतला इमू हलत्या गाडीत तोल सांभाळू शकत नाही आणि पडलेला उठत नाही. औषध द्यायचंच झालं तर पशुवैद्यक स्वतः हजर असताना.

माणसं चार पुरेत, आणि त्यांतला एक रोज खाद्य घालणारा हवा. हुकूम एकानेच द्यायचा, तोही हळू आवाजात. जाड जीन्स, बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट. घड्याळ, चेन, चमकणारी बटणं काढून ठेवा, इमू चमकणाऱ्या वस्तूला चोच मारतो. डोळ्यांवर साधा चष्मा असलेला बरा. बघे, लहान मुलं, कुत्री, मोबाइलवर व्हिडिओ काढणारे पाहुणे, सगळे फाटकाबाहेर. कृषी पर्यटन केंद्रावर हे शेवटचं पाळून घेणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून पाहुणे नसलेला वार निवडा.

गाडी संध्याकाळीच चौकाच्या फाटकाला मागून लावून ठेवा. इंजिन बंद. गाडीचा तळ आणि जमीन यांत उंचीचा फरक राहतोच. तो मातीचा उतार करून किंवा रुंद फळीने भरा. फळी असेल तर तिच्यावर गोणपाट ठोका आणि आडव्या पट्ट्या मारा. शेतातला बांध किंवा खोदलेला खड्डा असेल आणि गाडी अशी लागत असेल की तळ जमिनीला समांतर येतो, तर त्याहून चांगलं काही नाही. उताराच्या दोन्ही बाजूंना सहा फुटी भरीव आडोसा हवा, गाडी आणि आडोसा यांत वीतभरही फट नको. जिथून उजेड दिसेल तिथून इमू डोकं घालतो, आणि डोकं गेलं की अंग घालायचा प्रयत्न करतो.

गाडीच्या आत मंद दिवा लावा. काळोख्या भोकात शिरायला इमू तयार होत नाही. बाहेर अंधार आणि आत मंद उजेड असेल तर पुष्कळ पक्षी आपणहून चढतात, विशेषतः आत रोजचं खाद्याचं भांडं वाजवणारा ओळखीचा माणूस असेल तर. पहिला पक्षी चढला की बाकीचे त्याच्यामागे येतात. इथे धीर धरा. दहा मिनिटं काही घडत नाही म्हणून कुणीतरी टाळी वाजवतो, आणि तिथून सगळं बिघडायला सुरुवात होते.

आपणहून चढत नसतील तर फळ्या वापरा. साधारण चार बाय चार फुटांचं प्लायवुड, हात घालायला भोकं पाडलेलं, प्रत्येकाच्या हातात एक. तिघांनी फळ्यांची भिंत करून अर्ध्या पावलाने पुढे सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. पक्षी फिरला, धावायला लागला, की तिथेच थांबा, एक पाऊल मागे या. हात पसरून, काठी उगारून, ओरडून काम लवकर होतं असं वाटतं, पण त्या दोन मिनिटांची किंमत दोन दिवसांनी द्यावी लागते.

हाताने धरायची वेळ एखाद्याच हट्टी पक्ष्यावर यावी. तेव्हा असं करा. समोरून कधीही जाऊ नका. इमूची लाथ पुढे आणि बाजूला बसते, नखं तीन, आणि ती मांडी फाडू शकतात. पक्षी भिंतीशी उभा असताना मागच्या बाजूने, तिरकं, शांतपणे जवळ जा. एका हाताने छातीला पुढून वेढा, दुसऱ्या हाताने पंखाच्या मुळाशी पकड घ्या, आणि त्याचं अंग आपल्या अंगाला घट्ट लावा. जवळ असताना लाथेत जोर राहत नाही. हातभर अंतरावर उभा राहणारा घाबरट माणूसच जखमी होतो. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या बाजूने तशीच पकड घ्यायची आणि दोघांनी पक्ष्याला त्याच्याच पायांवर चालवत न्यायचं. उचलून नेणं टाळा. पाय बांधणं तर कधीच नको. पिसं धरू नका, मूठभर पिसं हातात येतात आणि पक्षी निसटतो.

धरल्यापासून गाडीत सोडेपर्यंत दोन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. झटापट त्यापुढे गेली किंवा पक्षी चोच उघडून जोरात धापा टाकायला लागला तर सोडून द्या. अंधार करा, पाणी ठेवा, त्याला त्या रात्री नेऊच नका. गाडीचं भाडं वाया जाईल, हरकत नाही.

शहामृगाचे व्हिडिओ पाहून इमूच्या डोक्यावर मोजा किंवा कापडी पिशवी चढवण्याचा मोह अनेकांना होतो. दक्षिण आफ्रिकेत औट्सहूर्नच्या भागात शहामृगपालन एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. तिथे लांब आकड्याने मान अलगद खाली घेऊन डोक्यावर बाही चढवतात, आणि डोळे झाकलेलं शहामृग खरोखर गरीब होऊन चालतं. इमूचं तसं नसतं. तो बहुधा पिशवी झटकायला उसळ्या मारतो आणि तुमचं काम वाढवतो. आपल्याकडे शहामृग फार थोड्या ठिकाणी आहेत. असतील तर बाहीचा उपयोग जरूर करा, पण शंभर-सव्वाशे किलोच्या पक्ष्याला पहिल्यांदा हात लावताना अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रस्त्यात

ड्रायव्हरला आधी सांगा की आतला माल उभा आहे. ब्रेक हळू, वेग ताशी ४०-५०, गतिरोधकावर जवळजवळ थांबून. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, वळण संपेपर्यंत वेग वाढवायचा नाही. हॉर्न अगदी लागेल तेवढाच, आणि गाणी नकोत. आंबा किंवा करूळसारखा घाट मध्ये असेल तर तासभर जादा धरूनच वेळ आखा.

निघाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी पहिला थांबा. गाडी चालू लागल्यावर पुष्कळ इमू खाली बसतात, हे चांगलं लक्षण आहे. एखादा आडवा, कुशीवर पडला असेल किंवा दुसऱ्याच्या पायाखाली गेला असेल तर मात्र तिथेच फळी सरकवून त्याला जागा करून द्या. पुढे दर दोन तासांनी बघा. दार उघडू नका, वरच्या फटीतून लाल कापड गुंडाळलेल्या बॅटरीने पाहा. ढाब्याच्या झगमगाटात आणि गर्दीत थांबण्यापेक्षा अंधाऱ्या, वाऱ्याच्या जागी थांबा. गाडी उभी राहिली की आतली उष्णता भराभर वाढते, त्यामुळे थांबा दहा मिनिटांचा. चहा केबिनमध्येच प्या.

सगळे पक्षी चोच उघडून मान लांब करून धापा टाकत असतील तर आत गरम होतंय. फटींवर ताडपत्री असेल तर ती वर करा, गाडी चालती ठेवा म्हणजे हवा खेळेल. पिसांवर बादल्या ओतून फार उपयोग होत नाही, दाट पिसांतून पाणी कातडीपर्यंत नीट पोचत नाही. उलट तळ चिखल होतो. पंपाने पायांवर आणि पंखांखालच्या उघड्या भागावर पाण्याचा फवारा मारा. प्रवास आठ तासांच्या पुढे जाणार असेल तर एका थांब्यावर कडेने टांगलेल्या रुंद भांड्यातून पाणी द्या. खाद्य रस्त्यात नको.

उतरवणं

पोचल्यावर सगळ्यांना घाई झालेली असते, पण इथेही फक्त थांबायचं काम आहे. नवा चौक आधीच तयार हवा : भरीव भिंती, खडबडीत कोरडी जमीन, पाणी आणि जुन्या ठिकाणचंच खाद्य. चार-पाच दिवस पुरेल एवढं खाद्य बरोबर आणा, नवं खाद्य हळूहळू मिसळा. गाडी लावा, दार उघडा, बाजूला व्हा. पाव तास, अर्धा तास, पक्षी आपणहून उतरू देत. बसलेला पक्षी ढकलून उठवू नका. पाय आखडलेले असतात, पहिली दोन-चार पावलं अडखळत पडतात, म्हणून उतार अगदी कमी चढणीचा ठेवा.

पहिले दोन दिवस या चौकात रोजच्या एका माणसाशिवाय कोणी जाणार नाही. गावकऱ्यांना, पाहुण्यांना, फोटोंना आठवड्यानंतर.

पुढचे चार दिवस काय बघायचं

सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पक्षी उठून पाण्यापर्यंत चालत जातो का ते बघा. एवढी एक नोंद रोज ठेवली तरी पुरते. धोक्याची चिन्हं अशी : ताठर, लाकडी चाल, उठताना दोन-तीनदा प्रयत्न करणं, कळपापासून दूर, मान खाली टाकून बसणं, मांडीचे स्नायू कडक लागणं, आणि चहाच्या काळ्या पाण्यासारखी किंवा कॉफीच्या रंगाची लघवी. हा रंग दिसला तर सकाळची वाट बघू नका, पशुवैद्यकाला बोलवा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे, पण तुमच्या भागात इमू किंवा शहामृग हाताळलेला डॉक्टर कोण हे प्रवासाआधीच विचारून ठेवलेलं असेल तर वेळ वाचतो.

डॉक्टर येईपर्यंत पक्ष्याला सावलीत, जाड पेंढ्यावर, छाती खाली टेकवून बसलेल्या स्थितीत ठेवा. दोन्ही बाजूंना पेंढ्याची पोती लावा म्हणजे तो कुशीवर पडणार नाही. दर दोन-तीन तासांनी भार एका पायावरून दुसऱ्यावर बदला. पाणी चोचीजवळ धरा, घशात ओतू नका. उभं करून चालवायचा प्रयत्न अजिबात नको, फुटलेल्या स्नायूंवर पुन्हा जोर पडतो. डॉक्टर सलाईन देतील, दुखणं कमी करणारं औषध देतील, रक्तातलं क्रिएटिन कायनेज तपासतील. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं इंजेक्शनही काही जण देतात. सेलेनियमची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं असतं, तेव्हा ते स्वतः टोचू नका. एक कटू गोष्ट आधी माहीत असलेली बरी : चार-पाच दिवस अजिबात उभा न राहिलेला मोठा इमू क्वचितच वाचतो, आणि त्याला तसाच आठवडेच्या आठवडे पाडून ठेवण्यापेक्षा डॉक्टरांशी स्पष्ट बोलून निर्णय घ्यावा.

पिल्लं आणि अर्धवट वाढलेले पक्षी

अंगावर पट्टे असलेली लहान पिल्लं, म्हणजे साधारण तीन महिन्यांपर्यंतची, हलवायला सोपी. एक तळवा छातीखाली, दुसरा पाठीवर. पाय धरून उचलू नका. प्लास्टिकच्या भाजीच्या क्रेटमध्ये खाली गोणपाट किंवा काथ्याची चटई घाला. वर्तमानपत्र घालू नका, त्यावर पाय फाकतात आणि कायमचं व्यंग राहतं. एका क्रेटमध्ये आठ-दहाच, वर हवा जाणारं झाकण, आणि रात्रीच्या गार वाऱ्यापासून आडोसा. मोठ्या पक्ष्यांसाठी जी थंडी बरी, ती यांना बाधते.

खरी डोकेदुखी चार ते दहा महिन्यांच्या पक्ष्यांची. पायाची हाडं अजून वाढत असतात, वेग मात्र पुरा आलेला असतो, आणि घाबरले की ते आंधळेपणाने भिंतीवर जातात. यांना हाताने पकडायचा विचारच सोडा. चौकात खायची सवय लावा, महिना लागला तरी चालेल, आणि आपणहून चढतील तेव्हाच न्या. नव्या ठिकाणी आधीचे मोठे इमू असतील तर तीन आठवडे वेगळ्या वाड्यात, हवा आणि पाणी मिसळणार नाही एवढ्या अंतरावर ठेवा. पुढचा आठवडा मधल्या जाळीला खालून तीन फूट तट्ट्या लावून एकमेकांना फक्त बघू द्या. मग एका सकाळी, दोन वेगवेगळ्या ठिकाणी खाद्य मांडून, फाटक उघडा.